छिद्रापर्यंत द्रव पोहोचला तरच : सच्छिद्र ऋणाग्र आणि हायड्रोजनची निर्मिती

निर्मल, भैंसा व मुधोळ या परिसरात कापूस हे परिचयाचे पीक आहे. वेचणी करून आणलेल्या कापसाचा एक बोळा पाण्याने भरलेल्या भांड्यात टाकला, तर तो बराच वेळ तरंगत राहतो. दवाखान्यात वापरला जाणारा कापूस मात्र पाण्याला टेकताच भिजतो आणि काही क्षणांत खाली जातो. दोन्ही ठिकाणी तंतू कापसाचेच आणि तंतूंमधील पोकळ्याही सारख्याच असतात. फरक एवढाच की, कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. दवाखान्याच्या कापसावरील हा थर दाहक क्षाराच्या द्रावणात उकळून काढून टाकलेला असतो. कच्च्या कापसात पाण्यासाठी जागा असते, परंतु पाण्याचा तेथे शिरकाव होत नाही.

पाण्यापासून हायड्रोजन वायू तयार करणाऱ्या संयंत्रांत सच्छिद्र धातूच्या ज्या पट्ट्या बसविलेल्या असतात, त्यांनाही हाच न्याय लागू पडतो. धातूला असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडून त्याचा पृष्ठभाग शेकडो पटींनी वाढविता येतो. परंतु त्या छिद्रांत द्रव पोहोचला नाही, किंवा पोहोचलेला द्रव वायूने बाहेर ढकलला गेला, तर वाढविलेला पृष्ठभाग निरुपयोगी राहतो. द्रवाने धातूचा पृष्ठभाग भिजविण्याच्या या क्रियेस आर्द्रण असे म्हणतात. हायड्रोजननिर्मितीस लागणाऱ्या विजेचा खर्च या साध्या वाटणाऱ्या गोष्टीशी निगडित आहे.

खताच्या गोणीतील हायड्रोजन

हायड्रोजन हा वायू शेतकऱ्यास प्रत्यक्ष दिसत नसला, तरी युरियाच्या रूपाने तो दर हंगामात त्याच्या बांधावर येत असतो. युरिया तयार करण्यासाठी अमोनिया लागतो, आणि अमोनिया हा हवेतील नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या संयोगाने बनतो. रासायनिक हिशेबाप्रमाणे ४५ किलोग्रॅम युरियाच्या एका गोणीसाठी सुमारे साडेपंचवीस किलोग्रॅम अमोनिया, आणि तेवढ्या अमोनियासाठी सुमारे साडेचार किलोग्रॅम हायड्रोजन लागतो.

हा हायड्रोजन आजवर मुख्यतः कोळसा, खनिज तेल अथवा नैसर्गिक वायू यांपासून मिळविण्यात आला आहे. निर्मलच्या खालच्या अंगास गोदावरीच्या परिसरात असलेल्या रामगुंडम येथील खत कारखान्याचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. तेथील पहिला कारखाना कोळशावर चालणारा होता. त्याचे उत्पादन १९८० मध्ये सुरू झाले आणि १९९९ मध्ये तो बंद पडला. त्याच ठिकाणी उभारलेल्या नव्या कारखान्यात २०२१ पासून नैसर्गिक वायूच्या आधारे युरियाचे उत्पादन होऊ लागले. देशाला लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा भाग आयात करावा लागतो. शिवाय नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना मोठ्या प्रमाणावर कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो.

यास्तव पाणी आणि सूर्यप्रकाशापासून किंवा वाऱ्यापासून मिळणारी वीज यांच्या साहाय्याने हायड्रोजन तयार करण्याकडे शासनाने लक्ष वळविले आहे. केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मान्यता दिली. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजननिर्मितीची क्षमता उभी करणे हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरविण्यात आली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनानेही आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले. युरियासाठी कार्बन डाय-ऑक्साइडही लागतो व नव्या पद्धतीत त्याची सोय वेगळी करावी लागेल, हे खरे. तथापि खर्चाचा मुख्य प्रश्न हायड्रोजनचाच आहे.

विजेचा हिशेब

पाण्यातून विद्युत् प्रवाह सोडून त्याचे घटक वेगळे करण्याच्या क्रियेस विद्युत् विच्छेदन म्हणतात. शुद्ध पाणी विजेचे चांगले वाहक नसल्यामुळे त्यात दाहक पोटॅश मिसळतात. कारखान्यांत हे प्रमाण साधारणतः २५ ते ३० टक्के असते आणि द्रावणाचे तापमान ७० ते ९० अंश सेल्सिअस ठेवले जाते. या द्रावणास विद्युत् विच्छेद्य असे नाव आहे. त्यात धातूच्या दोन पट्ट्या बुडवून त्यांना विजेची दोन टोके जोडली असता ऋण टोकाच्या पट्टीवर, म्हणजे ऋणाग्रावर, हायड्रोजन व धन टोकाच्या पट्टीवर, म्हणजे धनाग्रावर, प्राणवायू निर्माण होतो. ऋणाग्रावर पाण्याच्या रेणूला धातूकडून इलेक्ट्रॉन मिळतात आणि त्यातून हायड्रोजन सुटा होतो. यासाठी धातू, पाणी व वीज या तिन्हींची एकाच ठिकाणी गाठ पडावी लागते.

पाण्याचे विच्छेदन होण्यासाठी २५ अंश सेल्सिअस तापमानास किमान १.२३ व्होल्ट विद्युत् दाब लागतो. बाहेरून उष्णता न देता क्रिया चालू ठेवावयाची असेल, तर हा आकडा १.४८ व्होल्टवर जातो, आणि त्या दाबास एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी सुमारे ३९.४ युनिट वीज खर्च होते. प्रत्यक्ष संयंत्रांत मात्र १.८ ते २ व्होल्ट दाब द्यावा लागतो. १.८ व्होल्टला सुमारे ४८ युनिट आणि २ व्होल्टला सुमारे ५३ युनिट वीज प्रत्येक किलोग्रॅममागे लागते. थोडक्यात, दाब एक दशांश व्होल्टने वाढला की किलोग्रॅममागे सुमारे २.७ युनिट वीज अधिक खर्च होते. युरियाच्या एका गोणीचा विचार केला, तर हा फरक सुमारे १२ युनिटांचा होतो. लहान कुटुंबाच्या घरी दोन-तीन दिवस पुरेल एवढी ही वीज केवळ एक दशांश व्होल्टपायी जाते.

हा जादा दाब कोठे खर्ची पडतो, याचा शोध घेतला असता तीन ठिकाणे आढळतात. काही दाब धनाग्रावर, काही ऋणाग्रावर आणि काही दोहोंमधील द्रवातून प्रवाह वाहून नेण्यात जातो. धनाग्रावरील हानी बहुधा अधिक असते. तरीही ऋणाग्रावरील व द्रवातील हानी दुर्लक्षिण्याजोगी नाही. सच्छिद्र धातूचा उपयोग ती कमी करण्यासाठीच केला जातो.

सच्छिद्र धातू कशासाठी ?

एखाद्या कामावर मजूर जितके अधिक, तितका प्रत्येकावरील भार कमी. त्याचप्रमाणे धातूचा पृष्ठभाग जितका मोठा, तितका त्याच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरील प्रवाहाचा भार कमी व त्यामुळे लागणारा जादा दाबही कमी. पट्टीची लांबी-रुंदी न वाढविता पृष्ठभाग वाढविण्याचा मार्ग म्हणजे धातूला छिद्रे पाडणे. निकेलची बारीक भुकटी तापवून एकजीव केली, निकेलचा जाळीदार फेस बनविला, किंवा निकेल व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूतील ॲल्युमिनियम दाहक क्षारात विरघळवून काढले, तर छिद्रमय निकेल शिल्लक राहते. यांपैकी शेवटची पद्धत मरे रॅनी या अमेरिकन अभियंत्याने १९२० च्या दशकात शोधून काढली. मूळ उपयोग वनस्पती तेलांचे तूप बनविण्याचा होता. अशा एक ग्रॅम निकेलचा आतील पृष्ठभाग सुमारे ५० ते १०० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान घराच्या भुईएवढा भरतो.

परंतु हा पृष्ठभाग कोरड्या स्थितीत वायू शोषवून मोजलेला असतो. वायू जेथे शिरतो तेथे द्रव शिरेलच असे नाही. त्यामुळे कोरडा पृष्ठभाग आणि द्रवाने प्रत्यक्ष भिजलेला पृष्ठभाग हे दोन आकडे वेगवेगळे असतात, आणि हायड्रोजन केवळ दुसऱ्यावरच निर्माण होतो. निर्मलचा खेळणी करणारा कारागीर हलक्या पोनिकी लाकडावर लेप देऊन त्याची सूक्ष्म छिद्रे बुजवितो, कारण त्याला रंग पृष्ठभागावरच राहावयास हवा असतो. ऋणाग्र बनविणाऱ्याची गरज नेमकी उलट असते. त्याला छिद्रे उघडी आणि ओली ठेवावयाची असतात.

आर्द्रणाचा नियम

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल राहतो, तर स्वच्छ काचेवर तो पसरतो. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, त्यास स्पर्शकोन म्हणतात. हा कोन ९० अंशांहून कमी असेल तर द्रव पृष्ठभाग भिजवितो, अधिक असेल तर भिजविण्याचे टाळतो.

छिद्राच्या बाबतीत या कोनाचे परिणाम फार मोठे होतात. एक सहस्रांश मिलिमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाण्याचा स्पर्शकोन ६० अंश असेल, तर पाणी सुमारे सात मीटर उंचीच्या जलस्तंभाच्या दाबाइतक्या जोराने आपोआप आत ओढले जाते. तोच कोन १२० अंश असेल, तर तेवढाच दाब बाहेरून दिल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. विद्युत् विच्छेदनाच्या साध्या पात्रात द्रवाची उंची सात मीटर नसते. म्हणून पृष्ठभाग न भिजणारा असेल, तर सूक्ष्म छिद्रे कायमची कोरडी राहतात. पृष्ठभागाचा खडबडीतपणा या प्रवृत्तीत भर घालतो. भिजणारा पृष्ठभाग खडबडीत केल्यास तो अधिक भिजतो, न भिजणारा खडबडीत केल्यास तो पाण्याला आणखी दूर सारतो.

स्वच्छ निकेल हे क्षारीय द्रावणाने चांगले भिजते. परंतु हाताळताना लागलेला तेलाचा अंश, यंत्रावरील वंगण, किंवा हवेत पडून राहिल्यामुळे बसलेला सेंद्रिय द्रव्यांचा थर यांमुळे त्याचा स्पर्शकोन वाढतो. कापसावरील मेणाप्रमाणेच हा थर डोळ्यांना दिसत नाही. याखेरीज एका बाजूने बंद असलेल्या छिद्रांत हवा अडकून राहते आणि पृष्ठभाग स्वच्छ असूनही द्रवाची वाट अडते.

बुडबुड्यांचा अडथळा

ऋणाग्र एकदा पूर्ण भिजले म्हणजे काम संपले असे होत नाही. खरी कसोटी प्रवाह सुरू झाल्यावर लागते. दर चौरस मीटरला ४,५०० अँपिअर एवढा प्रवाह असेल, तर पट्टीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून नेहमीच्या तापमानास मिनिटाला सुमारे साडेतीन घन सेंटिमीटर हायड्रोजन बाहेर पडतो. हा सर्व वायू त्याच छिद्रांतून बाहेर जावयाचा असतो, आणि त्याच वाटेने नवा द्रव आत यावयाचा असतो. अरुंद बोळात समोरासमोर दोन बैलगाड्या आल्यावर जी स्थिती होते, तशीच ही स्थिती होय.

पृष्ठभाग चांगला भिजणारा असेल, तर द्रव बुडबुड्याच्या बुडाशी शिरून त्याची पकड सैल करतो. बुडबुडा लहान असतानाच सुटतो आणि त्याची जागा द्रव घेतो. पृष्ठभाग कमी भिजणारा असेल, तर बुडबुडा पसरट बुडाने धातूस चिकटून राहतो, शेजारच्या बुडबुड्यांत मिसळून मोठा होतो आणि खालचा धातू झाकून टाकतो. झाकलेल्या भागावर क्रिया थांबते. तेवढाच प्रवाह उरलेल्या भागातून जाऊ लागतो आणि दाब वाढतो. द्रवात तरंगणारे बुडबुडे वीज वाहून नेत नसल्यामुळे द्रवाचा विद्युत् रोधही वाढतो. छिद्राच्या आत वायू भरला, तर आयनांना ये-जा करण्यासाठी भिंतीलगतचा द्रवाचा पातळ थरच उरतो. परिणामी मोठ्या प्रवाहाच्या वेळी आतील खोल छिद्रे निष्क्रिय होतात व काम केवळ बाहेरच्या थरावर चालते.

यावरून अधिकाधिक बारीक छिद्रे पाडणे हा सरसकट उपाय ठरत नाही. बारीक छिद्रांमुळे पृष्ठभाग वाढतो, परंतु वायू अडकतो. मोठ्या छिद्रांतून वायू सहज सुटतो, परंतु पृष्ठभाग कमी पडतो. म्हणून मोठ्या वाटा आणि त्यांच्या भिंतींना बारीक छिद्रे अशी दुहेरी रचना अनेक ठिकाणी स्वीकारली जाते. गावात जसा मुख्य रस्ता आणि त्याला मिळणाऱ्या गल्ल्या असतात, तशी ही योजना आहे.

उपाययोजना

आर्द्रण सुधारण्याचे जे मार्ग वापरले जातात ते पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला, ऋणाग्र बसविण्यापूर्वी ते तेल-वंगणापासून पूर्ण मुक्त करणे. दुसरा, निर्वात पात्रात ठेवून छिद्रांतील हवा काढून टाकणे व नंतर द्रव आत सोडणे, म्हणजे बंद छिद्रेही भरतात. तिसरा, पृष्ठभागावर पाण्याशी सलगी असलेल्या द्रव्याचा पातळ लेप देणे अथवा त्यास अतिसूक्ष्म खडबडीतपणा आणणे. चौथा, सच्छिद्र पट्टी मधल्या पडद्यास अगदी टेकवून बसविणे. त्यामुळे दोन पट्ट्यांमधील द्रवाचे अंतर घटते आणि वायू मागील बाजूने निघून जातो. पाचवा, द्रव पंपाने फिरता ठेवणे, जेणेकरून सुटलेले बुडबुडे वाहून जातील.

या उपायांना मर्यादाही आहेत. आर्द्रण कितीही सुधारले तरी पाण्याच्या विच्छेदनास लागणारा किमान दाब कमी होत नाही. धातूचा अंगभूत गुणही त्यामुळे बदलत नाही. धातूत जी क्षमता आहे ती वाया जाऊ न देणे, एवढेच आर्द्रणाचे कार्य आहे.

देशातील व परदेशांतील प्रयत्न

भारतात विद्युत् विच्छेदनाने हायड्रोजन तयार करून त्यापासून खत बनविण्याचा प्रयोग नवा नाही. पंजाबमधील नांगल येथील खत कारखान्यात १९६० च्या दशकाच्या प्रारंभी भाक्रा धरणाच्या विजेवर हे कार्य मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. याच प्रक्रियेच्या जोडीने तेथे जड पाण्याचेही उत्पादन होऊ लागले. पुढे विजेची मागणी सर्वत्र वाढली आणि ही पद्धत मागे पडली.

मुंबईत ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने सच्छिद्र निकेलची अग्रे असलेले क्षारीय विद्युत् विच्छेदन संयंत्र देशातच विकसित केले आहे. वर उल्लेखिलेला दर चौरस मीटरला ४,५०० अँपिअर हा आकडा याच संयंत्राचा आहे. सपाट पत्र्याच्या जुन्या धाटणीच्या संयंत्रांना एवढा प्रवाह काटकसरीने पेलत नाही. सच्छिद्र रचनेमुळे कमी जागेत अधिक वायू मिळतो. मात्र छिद्रे द्रवाने भरलेली राहिली तरच हा लाभ पदरात पडतो.

ऑस्ट्रेलियातील वोलाँगाँग येथील संशोधकांनी २०२२ मध्ये एक निराळी रचना प्रसिद्ध केली. त्यांनी अग्रे द्रवात बुडविलीच नाहीत. दोन अग्रांमधील सच्छिद्र पडद्याचे केवळ खालचे टोक द्रवात ठेवले. समईतील वात ज्याप्रमाणे तेल वर ओढते, त्याप्रमाणे हा पडदा द्रव वर ओढून अग्रांना पुरवितो. अग्रांवर द्रवाचा पातळ थर असल्यामुळे वायू बुडबुडे न होता थेट बाहेर पडतो. या घटात एक किलोग्रॅम हायड्रोजनसाठी सुमारे ४०.४ युनिट वीज लागल्याचे नोंदविण्यात आले. प्रयोगशाळेतील घटाचा हा आकडा मोठ्या संयंत्रात वर्षानुवर्षे टिकवून दाखविणे हे पुढचे काम आहे. तथापि द्रव व वायू यांच्या वाटा वेगळ्या केल्यास केवढी बचत संभवते, हे त्यावरून स्पष्ट होते.

शाळेत करून पाहण्यासारखे

शिक्षकांना हा विषय अल्प साहित्यात समजावून देता येईल. दोन पेल्यांत पाणी घेऊन एकात कच्चा कापूस व दुसऱ्यात दवाखान्याचा कापूस टाकावा आणि विद्यार्थ्यांना निरीक्षण नोंदविण्यास सांगावे. त्यानंतर भांडी घासण्याच्या लोखंडी तारेच्या चोथ्याचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक साबणाने धुऊन स्वच्छ करावा, दुसऱ्यास खाद्यतेलाचे बोट लावावे. धुण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणात ते पाळीपाळीने बुडवून ९ व्होल्टच्या लहान बॅटरीच्या ऋण टोकाला जोडावेत. धन टोकाला जाड पेन्सिलीतील शिसे जोडावे. स्वच्छ चोथ्यावरून बारीक बुडबुडे कसे सुटतात आणि तेलकट चोथ्याला ते कसे चिकटून राहतात, याची तुलना करावी.

हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः, उघड्या हवेशीर जागी आणि थोडाच वेळ करावा. घरगुती विजेची जोडणी कधीही वापरू नये. पाण्यात मीठ घालू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. हायड्रोजन ज्वालाग्राही असल्यामुळे जवळ दिवा अथवा काडी पेटवू नये व वायू बाटलीत साठवू नये.

येत्या काळात हायड्रोजनची संयंत्रे जेथे उभी राहतील, तेथे ती चालविण्यासाठी व त्यांची निगा राखण्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या तरुणांची गरज पडेल. पट्टी बसविताना तेलकट हात न लावणे, द्रवाची शुद्धता राखणे, दाबाची नोंद रोज ठेवणे व तो वाढू लागताच छिद्रे कोरडी पडली किंवा बुजली काय याची तपासणी करणे, ही कामे त्यांच्याच हातून व्हावयाची आहेत. विजेच्या प्रत्येक युनिटाचा भार अखेर खताच्या किमतीवर पडणार असल्यामुळे, या कामातील दक्षतेचा लाभ शेतकऱ्यापर्यंत पोहोचेल.